दगडी घाटावरची दुडकी

"तू उठायचं नाहीस," आई म्हणाली. "पाहुणे आले तरी नाही आणि गेले तरी नाही. नमस्कार बसल्या बसल्याच करायचा."

"आणि पाल पेटलं तर?"

"तर बघू."

आई माझ्या साडीच्या निऱ्या पावलांवर पसरत होती. पाठीशी कडब्याच्या पेंढ्यांची थप्पी, समोर पोह्यांचं पातेलं, उजवीकडे पाण्याची कळशी. दावणीतल्या घोड्याला अगाडी-पिछाडी लावतात, तशी माझी व्यवस्था झाली होती. फक्त चंदीची पिशवी तोंडाला बांधायची राहिली होती.

दत्तजयंतीला आमच्या तापीकाठी घोड्यांची जत्रा भरते. त्या दिवसांत आमचं बिऱ्हाड नदीच्या वाळूत, पालात असायचं. माझे वडील, आमचे बापू, म्हणजे दगाजी निकुंभ, आधी घोडेस्वार पोलिसांत जमादार होते, नंतर ते घोडे शिकवून विकू लागले. घोड्याच्या बाजारात दगाजी नावाच्या माणसाकडून लोक डोळे झाकून जनावर घेत, यावरून काय ते समजा.

मला मात्र कुणी डोळे झाकून घेत नव्हतं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा जरासा आखूड आहे. लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडले आणि हाडवैद्याने हाड त्याच्या मनाला येईल तसं बसवलं. गावात मात्र मी घोड्यावरून पडले असंच सांगत, कारण घोडेवाल्याच्या पोरीने चिंचेवरून पडणं कुणाला पटत नव्हतं. आधीची स्थळं मी पोहे घेऊन बैठकीपर्यंत पोहोचायच्या आतच मनातून परत गेली होती. म्हणून या वेळी आईने ठरवलं होतं, की पोहे माझ्याकडे येतील, मी पोह्यांकडे जाणार नाही.

येणारं स्थळ देवऱ्यांचं होतं. मुलगा भास्कर जंगलखात्यात होता. त्याची नेमणूक सातपुड्यात, अक्राणीच्या डोंगरात झाली होती, तिथे फिरायला घोडा लागतो. त्याचे वडील तात्या देवरे घोडा घ्यायला जत्रेत येणारच होते, तेव्हा एका फेरीत दोन्ही बघून टाकू असं त्यांनी कळवलं. आईला त्यात अपमान वाटला. बापू म्हणाले, "जाण्यायेण्याचं भाडं वाचतं त्यांचं. हिशेबी माणसं आहेत, चांगलं आहे."

सकाळी समोरच्या दावणीचे सुपडूशेठ चहाला आले होते. ते बापूंच्या बरोबरीचे सौदागर. तोंडाने गोड, आणि चहातही साखर मागून घेणारे.

"दगाभाऊ, तुमचे देवरे तात्या काल माझ्याकडे येऊन गेले बरं का," ते म्हणाले. "माझा पंचकल्याणी घोडा त्यांच्या डोळ्यांत भरलाय. आज मुलाला घेऊन रुमाल टाकायला येताहेत."

रुमाल म्हणजे सौदा. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून किंमत ठरते, आणि हात बाहेर आले की सौदा पक्का. मग घोडा तीन पायांचा निघाला तरी तो तुमचा.

"चांगलं आहे," बापू म्हणाले.

"तुमच्या मथीचंही जमू द्या आज. मी तुमच्या घरातलं काही बोलणार नाही. शेजारधर्म आहे." सुपडूशेठांनी बशीत फुंकर घातली. "तुम्ही पाळताच म्हणा."

त्या बाजाराचा एक कायदा होता: दुसऱ्याच्या दावणीवर बोलायचं नाही. गिऱ्हाइकाने नाव घेऊन विचारलं, तरच तोंड उघडायचं. बापूंनी तो आयुष्यभर पाळला होता. पण आजवर त्या कायद्यात कुणी माझा पाय घातला नव्हता.

परत जाताना सुपडूशेठ घोडा सांभाळणाऱ्या आपल्या मोतद्दाराला ओरडून म्हणाले, "त्याला आज वाळूतनंच फिरव रे. दगडावर नेऊ नको."

आणि थोड्या वेळाने माझी वेणी घालता घालता आई म्हणाली, "चालायची वेळ आलीच तर वाळूतनं चाल. वाळूत कळत नाही."

दोन्ही सूचना मी एकाच कानाने ऐकल्या.

पाहुणे ऊन जरा तापल्यावर आले. पुढे तात्या देवरे, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. ती टेकायला नव्हती, दाखवायला होती. मागे भास्कर. घोड्यांत वाढल्यामुळे मला माणूस आला की आधी पायांकडे बघायची सवय आहे. छाती रुंद, पाठ सरळ, मान किंचित पुढे काढलेली. चाल मात्र चमत्कारिक. पाय जरा जास्तच उंच उचलून टाकत होता. शेण चुकवत असेल, असं मला वाटलं. जत्रेत नवा माणूस तसा चालतो.

पालात शिरल्यावर त्याने पहिला नमस्कार केला तो खांबाला टांगलेल्या बापूंच्या कोटाला. दुसरा बापूंना. मग तो माझ्या दिशेने वळला आणि त्याने कडब्याच्या थप्पीकडे बघून मान लववली. मी म्हटलं, लाजाळू आहे.

"काय नाव मुलीचं?" तात्यांनी विचारलं.

"मथुरा."

"शिक्षण?"

"सातवी पास."

तात्या माझ्या कपाळाकडे निरखून बघत होते. केसांतला भोवरा शोधत असावेत. त्यांचा भोवऱ्यांवर फार विश्वास होता. पोहे खाता खाता त्यांनी आम्हाला घोड्यांचे शुभ-अशुभ भोवरे सांगितले. डोळ्याखाली भोवरा तो आसूढाळ, धनी रडतो. पायावर वरच्या तोंडाचा भोवरा तो खुंटाउपाड, धन्याचं बस्तान उठतं. आणि गळ्यावरचा तो देवमण. देवमण असला की बाकीचे सगळे दोष झाकले जातात.

"सगळे?" मी विचारलं.

आईने पातेल्यावर झाकण आपटलं.

"सगळे," तात्या म्हणाले. "सुपडूशेठांच्या घोड्याला देवमण आहे. काल मी स्वतः बोटाने चाचपून बघितला. दगाजीराव, चला, तुम्हीही नजर टाका. मुलांना बोलायचं असेल तर तोवर बोलू द्या."

बापू बळी जायला निघालेल्या माणसासारखे उठून गेले. आई पालाच्या तोंडाशी पाठ करून बसली. म्हणजे ती ऐकत होती.

"तुम्हाला वाचनाची आवड आहे का?" भास्करने विचारलं. हा प्रश्न त्याला घरून पढवून दिला असावा.

"आहे. तुम्हाला घोड्यावर बसता येतं का?"

"नाही."

"मग?"

"शिकेन. तिथे दुसरा इलाज नाही. वाट अरुंद आहे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. खाली नदी आहे असं म्हणतात. आधीच्या साहेबांचा घोडा तिथे अडखळला होता."

"मग?"

"घोडा वाचला."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की हसावं की नाही ते मला कळेना. मग तोच हसला. तोवर मी त्याचे पाय, पाठ, छाती बघितली होती. हसताना बघितलं आणि पारख संपली. घोड्यात काय आणि माणसात काय, एवढं सगळं बघायचं ते शेवटी मनात आधीच ठरलेलं पक्कं करायला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते. पण तात्या म्हणतात, देवमणाचा घोडा धन्याला पाडत नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. मला घोड्यातलं कळत नाही. आधीच्या साहेबांच्या घोड्यालाही असेल कदाचित देवमण. घोडा वाचला ना."

समोरच्या दावणीतून तात्यांनी हाक मारली. तो उठला, पालाच्या दोरात अडकला, सावरला आणि पाय उंच टाकत निघून गेला.

मी बसल्या जागेवरून बघत होते. पंचकल्याणी सुंदर होता, त्याबद्दल तक्रार नाही. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, अंग नव्या तांब्याच्या घागरीसारखं. पुढचे पाय मातीच्या उंचवट्यावर दिलेले होते, म्हणजे पुढून रुबाबदार दिसतो. खांदा सरळ उभा आहे, हे त्यात झाकून जातं. असा घोडा सपाटीवर झोकात चालतो आणि उताराला तोंडावर जातो. मग मोतद्दाराने त्याला वाळूत दुडकीने फिरवला. दोर अगदी हनुवटीखाली आवळून धरला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला, की तो पाय जमिनीला टेकताच डोकं वर जातं. दुडकीत ते हमखास दिसतं. म्हणून विकणारा दोर आखूड धरतो. डोकं वर जाऊच देत नाही. पण डोकं आवळलं तरी कान आवळता येत नाहीत. डावा पाय टेकला की पंचकल्याणीचे कान मागे पडत होते.

मी हाक मारली. "बापू, अडकित्ता इथेच राहिला तुमचा."

बापू आले. त्यांच्या खिशात अडकित्ता होता, ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

"डावा पुढचा," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"मग?"

"दुसऱ्याच्या दावणीवर—"

"विचारलं तर?"

"विचारलं नाही ना त्यांनी. 'नजर टाका' म्हणाले, मी टाकली."

"बापू, तो माणूस त्या वाटेवरून जाणार आहे."

बापूंनी पायाने वाळू सारखी केली. मग हळू म्हणाले, "मी तोंड उघडलं की सुपडू उघडणार. मग तुझ्या आईला काय सांगू?"

त्यांच्यावर रागावणं सोपं होतं. पण उभ्या बाजारात शब्दाचा म्हणून ओळखला जाणारा तो माणूस माझ्यासाठी त्या दिवशी मुका झाला होता. मी कधी कुणाला इतकी महाग पडले नव्हते.

तिकडे सुपडूशेठांनी कमरेचा रुमाल सोडला, झटकला. तात्यांनी काठी काखेत मारली आणि उजव्या हाताची बाही वर केली.

मी उठले.

"मथे," आई म्हणाली. नुसतंच नाव, पण त्यात सगळा उपदेश होता.

वाळूतून मी समोर गेले. वाळूत खरंच कळत नाही. तात्यांनी कौतुकाने बघितलं. भास्करनेही बघितलं असावं, निदान त्याचं तोंड माझ्या दिशेला होतं.

"तात्यासाहेब, रुमाल जरा थांबवा," मी म्हटलं. "घोडा दगडावर बघा."

देवळाकडून नदीत उतरणारा दगडी घाट आमच्या दावणीला लागूनच होता. खाली बायका भांडी घासत होत्या. वर चांगली रुंद फरसबंदी होती.

"वाळूत चालला की," तात्या म्हणाले.

"वाळूत सगळेच चालतात."

सुपडूशेठ माझ्याजवळ सरकले. हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, "मथे, दगडावर नेलंस तर घोडा एकटाच नाही दिसणार."

"माहीत आहे, काका."

मी मोतद्दाराच्या हातातला दोर घेतला. त्याने दिला, कारण गेल्या वर्षी त्याच्या तीन बिघडलेल्या तट्टांना मीच वळण लावलं होतं. घोडा फरसावर आणला. साडीचा पदर खोचला. चपला काढल्या. दोर सैल सोडला, इतका, की त्याचा मध्यभाग गुडघ्यापर्यंत लोंबत होता. घोड्याला जीभ वाजवून पुढे काढलं आणि त्याच्याबरोबर पळत सुटले.

घोडा दुडकीने चालला की बरोबर माणसाला पळावंच लागतं. त्याला दुसरी युक्ती नाही. आणि पळताना आखूड पाय लपवायची युक्ती मी लहानपणापासून शोधत होते, ती अजून सापडलेली नव्हती.

डावा खूर दगडावर पडला की त्याचं डोकं झटक्याने वर जात होतं. माझा उजवा पाय पडला की माझा खांदा खाली जात होता. तो वर, मी खाली, तो वर, मी खाली. आमचा दोघांचा असा मेळ बसला होता, की कुणी ताशा आणला असता तर वरात निघाली असती. भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी घाटाच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि तशीच परत आले. परत येताना सगळ्यांची तोंडं समोर होती. तेवढं अंतर मात्र लांब होतं.

मी थांबले. घोडा डावा पाय अलगद पुढे काढून उभा राहिला.

मग तात्यांनी काठी जमिनीला टेकवली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती खरोखर टेकायला लागली असावी.

"लंगडतं कोण आहे?" त्यांनी विचारलं. "घोडा की मुलगी?"

"दोघं," मी म्हटलं. "घोडा डाव्या पायाने, मी उजव्या. माझं जुनं आहे, हाड बसून गेलंय. त्याचं नवं आहे, त्याला दुखतंय."

"दगाजीराव," तात्या वळले, "तुम्हाला हे दिसलं नव्हतं?"

नाव घेऊन विचारलं होतं. बापूंनी सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला, की पंचकल्याणी दचकला.

"दिसलं होतं. नालाचा खिळा आत लागलाय. आज नाल काढला तर महिन्यात बरा होईल. पण बरा झाला तरी डोंगराला न्यायचा नाही. खांदा उभा आहे. हा वरातीचा घोडा आहे तात्यासाहेब, वाटेचा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं नाहीत."

"आणि मुलीचं?"

"तेही विचारलं नाहीत. पण तिथे मी चुकलो. घोड्याचा कायदा लेकीला लावायला नको होता."

आई पालाच्या तोंडाशी उभी होती. पदर तोंडाला लावला होता. सुपडूशेठ रुमालाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. आता ते कपाळाकडे बघत नव्हते. "भास्कर," ते म्हणाले, "तू बघितलंस ना? तुझं काय म्हणणं?"

भास्करने खाकरून घेतलं.

"मला काही दिसलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तांबूस असं काहीतरी गेलं, त्याच्याशेजारून हिरवं काहीतरी गेलं आणि दोन्ही परत आलं. आवाज ऐकू आला. तात्या, आता काढू का?"

"भास्कर," तात्या दटावणीच्या सुरात म्हणाले. पण सुरात जोर नव्हता.

"घोड्याचं झालं, त्यांचं झालं. मग माझंच कशाला खिशात?"

त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला. काचा अशा जाड, की पाण्याच्या पेल्यांची बुडं वाटावीत. तो त्याने दोन्ही कानांवर नीट बसवला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोटाला केलेला नमस्कार, पालाचा दोर आणि ते उंच उचलून टाकलेले पाय. नजर अधू असलेला घोडा अगदी असाच चालतो. लहान पोरालाही कळावं इतकी उघड खूण होती, आणि दगाजी निकुंभांची लेक म्हणत होती, शेण चुकवतोय.

तात्या पुटपुटले, "एवढा चष्मा बघून आधी दोन ठिकाणी नकार आला. मला वाटलं, आधी ठरू तरी द्यावं."

"वाळूत कळत नाही," मी म्हटलं.

आईने पदराआड काय केलं ते दिसलं नाही, पण तिचे खांदे हलले.

"एकदा परत पळता का?" भास्कर मला म्हणाला. "आता दिसेल."

"तुम्हाला खरंच बघायचंय?"

"घोडा मला घ्यायचाय."

"हा घ्यायचा नाहीच आहे आता."

"तरी."

मी घोडा वळवला. बापूंकडे बघितलं. ते म्हणाले, "त्याला दुखतंय. थोडंच ने." मी थोडंच नेला. या वेळी कुणाची तोंडं बघितली नाहीत. परत आले तेव्हा भास्कर अजून माझ्याकडेच बघत होता.

"घोड्याकडे बघा," मी म्हटलं.

"बघतो. क्रमाने बघतो." मग त्याने घोड्याकडे बघितलं. "डावा टेकला की डोकं वर जातं त्याचं."

"बरोबर."

"तुमचं नाही जात."

"दुखलं की जातं. माझं दुखत नाही."

"तेच बघायचं होतं," तो म्हणाला.

बापू वाकून घोड्याचा खूर हातात घेऊन बसले होते, आणि नालाकडे बघताना नाक ओढत होते. सुपडूशेठांनी मुकाट्याने नालबंदाला हाक मारायला माणूस पाठवला. त्यांना गिऱ्हाईक गेल्याचं दुःख होतं, पण घोडा फुकट बरा होणार हेही कळलं होतं. सौदागर तोट्यातही काहीतरी हातात घेऊनच उठतो.

"मग डोंगराला कोणता?" तात्यांनी विचारलं. "दगाजीराव, तुमचं नाव घेऊन विचारतोय."

बापू माझ्याकडे बघून म्हणाले, "ती सांगेल."

आमच्या दावणीच्या टोकाला साळुंकी उभी होती. मातकट रंगाची घोडी, पोट जरा सुटलेलं, शेपटी झाडूसारखी. तीन जत्रा ती तशीच परत गेली होती. मी तिला सोडून, ठसे दिसावेत म्हणून, वाळूत चालवलं.

"पावलं बघा," मी भास्करला म्हटलं. "मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडतंय, त्याच्याही जरा पुढे. म्हणजे खांदा मोकळा आहे. पाठ आखूड आहे, ओझं घेईल. पायाची नळी जाड, खूर गोल आणि टणक. उतारावर ही पाय टाकण्याआधी बघते. बघितल्याशिवाय टाकत नाही."

"म्हणजे माझ्या उलट," भास्कर म्हणाला.

"मग इतके दिवस विकली का नाही गेली?" विचारता विचारता तात्या वाकले. साळुंकीच्या मागच्या पायाजवळ त्यांचं बोट थांबलं. ते कळवळून म्हणाले, "अरे देवा. खुंटाउपाड. धन्याचा खुंटा उपटते ही. बस्तान टिकू देत नाही."

"तात्या," भास्कर म्हणाला, "माझा खुंटा सरकारच दर दोन-तीन वर्षांनी उपटतं. बदलीची नोकरी आहे. त्यात घोडीला काय दोष?"

तात्यांनी यावर विचार केला. चांगला दीर्घ केला. शास्त्राला धक्का न लावता वाट काढायची होती. शेवटी ते म्हणाले, "सरकारी नोकरीत हा भोवरा लागू होत नसावा."

आणि त्यांनी बाही वर केली.

रुमालाखाली बापूंनी किती बोटं दाबली ते मला आजही माहीत नाही. हात बाहेर आले तेव्हा तात्या म्हणाले, "दगाजीराव, हा फक्त घोडीचा रुमाल. मुलीचं रुमालाखाली करायचं नाही. ते उघड्यावर विचारतो. मुली, तुला आमचा मुलगा चष्म्यासकट पसंत आहे का?"

उभ्या बाजारात असा प्रश्न कुणी मुलीला विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मी त्यांना अजून दगडावर बघितलेलं नाही."

भास्करने वहाणा काढल्या. तो फरसावर गेला आणि घाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आला. चष्मा असल्यामुळे पाय आता उंच पडत नव्हते. पावलं थोडी बाहेरच्या बाजूला पडतात, एवढाच दोष. तो अजूनही आहे. भांडी घासणाऱ्या बायकांपैकी एकीने आवाज दिला, "घेऊन टाक गं."

वैशाखात लग्न झालं. वरातीला सुपडूशेठ आपला पंचकल्याणी घेऊन आले, एक पैसा न घेता. तो ठणठणीत बरा झाला होता आणि ताशाच्या तालावर असा नाचला, की बापूंची पारख सगळ्या गावाला पटली.

अक्राणीत मी भास्करला बसायला शिकवलं. तो पडला, बऱ्याचदा पडला, पण अंगणात. पावसाळा सरल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर त्या वाटेने गेले. माझ्याखाली भाड्याचं तट्टू होतं, तो पुढे साळुंकीवर. एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला, त्याने सांगितलं होतं तसं, काही नव्हतं.

अगदी चिंचोळ्या जागी आल्यावर त्याने लगाम सैल सोडला, चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला.

"अहो, हे काय?" मी मागून ओरडले.

"घोडीला दिसतंय," तो मागे न बघता म्हणाला. "तुला दिसतंय. तिघांनी कशाला बघायचं?"

साळुंकीने खाली बघितलं, मग पाय टाकला.